अठ्ठावीस मिलिमीटरचा गोलंदाज

तृतीय वर्ष कला (इतिहास)

दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही, असा आपल्यापैकी क्वचितच कोणी असेल. दगडविटांवर गोणपाट टाकायचे, गोणपाटावर चिखल थापायचा, चिखलात अळीव पेरायचे आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी उभे करायचे. त्या किल्ल्यावर प्रमाणाचा विचार कोणी करीत नसे. गुहेतला वाघ तोफेहून मोठा, सिंहासनावरचे महाराज दरवाज्यापेक्षा उंच, आणि पायथ्याशी दूध विकणारी गवळण तर थेट बुरुजाला भिडलेली! तरीही आपल्याला सगळे खरे वाटे. भाऊबीज झाली की मावळे पुन्हा खोक्यात जात.

हे वेड वयाबरोबर सुटते असा माझा समज होता. दोन वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ इंग्लंडहून सुट्टीवर आला आणि हा समज खोटा ठरला. दादा नॉटिंगहॅमला नोकरी करतो. त्या शहरात आणि आसपास युद्धखेळाचे चिमुकले सैनिक तयार करणारे बरेच कारखाने आहेत. अमुक पलटणीच्या कॉलरचा रंग नेमका कोणता होता, यावर तिथे चांगले पन्नाशीचे गृहस्थ तासन् तास वाद घालतात, असे दादा सांगत होता. बोलता बोलता त्याने सामानातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात कापसात गुंडाळलेली एक अख्खी फौज होती. एकेक शिपाई माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. पण कोटाची बटणे, बंदुकीचा चाप, इतकेच काय, मिशासुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

"आपल्या जिल्ह्यातली असई तू पाहिली असशीलच?" दादाने विचारले.

मी इतिहासाचा विद्यार्थी. माझे गाव जालना जिल्ह्यात. आणि मी असई पाहिलेली नव्हती. हा लेखप्रपंच त्या खजील क्षणापासून सुरू होतो.

खेळ आणि त्याचा इतिहास

युद्धखेळ म्हणजे बुद्धिबळाचा लांबचा भाऊ, पण त्याला चौकटी नसतात. टेबलावर टेकड्या, नद्या, गावे मांडायची; सैनिक किती इंच चालेल हे मोजपट्टीने ठरवायचे; गोळी लागली की चुकली हे फाशांवर सोडायचे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली अशा खेळाचे नियम छापले. नकाशावर ठोकळे सरकवीत अधिकारी त्यावर युद्धाचा सराव करीत. पुढे १८९३ पासून लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली; ते हलके आणि स्वस्त असल्यामुळे घरोघरी पोचले. त्यांच्यासाठी एच. जी. वेल्स या विख्यात लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे नियमांचे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध कितीतरी बरे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, हा दैवदुर्विलास!

आज या खेळात सर्वांत प्रचलित माप आहे अठ्ठावीस मिलिमीटरचे. तळपायापासून डोळ्यांपर्यंत सैनिक एवढा उंच असतो. म्हणजे स्थूलमानाने माणसाचा साठावा भाग. सैनिक धातूचे किंवा प्लास्टिकचे असतात. प्लास्टिकचे हात, पाय, डोकी एका चौकटीत सुटी सुटी ओतलेली असतात. ती कापून घ्यायची, चिकटवायची आणि रंगवायची. कोराच सैनिक विकत मिळतो; त्याला रूप देणे हे घेणाऱ्याचे काम.

त्या रात्री आम्ही ओसरीवर सतरंजी अंथरली, तिच्याखाली पुस्तके सारून टेकड्या केल्या, बहिणीच्या निळ्या ओढणीची नदी केली आणि असईची लढाई खेळलो. दादाने कंपनी सरकारची बाजू घेतली. त्याच्या खेळात एक पुतळा वीस माणसांच्या जागी धरतात. त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीची सुमारे पाचशे माणसे पंचवीस पुतळ्यांत बसली. माझ्या तोफा त्यांच्यावर चालल्या. फासे पडत गेले तसतसा दादा एकेक पुतळा उचलून डब्यात ठेवू लागला.

आजी जपमाळ घेऊन बाजूला बसली होती. तिने विचारले, "अरे, पडले ते कुठे ठेवलेस?"

"डब्यात, आजी. पडला की उचलायचा, असा नियम आहे."

"बरं आहे तुमचं," आजी म्हणाली आणि पुन्हा जप करू लागली.

प्रत्यक्ष असईला त्या पलटणीची सुमारे चारशे माणसे मेली किंवा जखमी झाली, हे मी नंतर वाचले. पंचवीसपैकी वीस पुतळे! खेळाच्या हिशेबात वीस पुतळे डब्यात गेले की टेबल पुन्हा स्वच्छ दिसते. आजीच्या त्या तीन शब्दांत काय होते कोण जाणे. पण तेव्हापासून माझे लक्ष खेळावरून उडाले आणि पडलेल्यांकडे लागले.

खेळातून देखाव्याकडे

पडलेला माणूस जिथल्या तिथे ठेवायचा असेल तर खेळ सोडून देखावा करावा लागतो, असे दादाने समजावले. देखावा हा शब्द आपल्याला गणेशोत्सवामुळे परिचित आहे. युद्धाचा देखावा म्हणजे लढाईतला एकच क्षण गोठवून फळीवर मांडणे. खेळात काळ पुढे सरकतो आणि मेलेले दिसेनासे होतात. देखाव्यात काळ थांबतो आणि सगळेच राहतात. म्हणून देखावा करणाऱ्यावर एक जबाबदारी येते. कोणता क्षण, कोणाची बाजू, कोण उभा, कोण आडवा, हे सगळे त्याला ठरवावे लागते. आणि ठरवले की ते एक विधान होऊन बसते.

या जबाबदारीची किंमत इंग्लंडच्या विल्यम सिबॉर्न या लष्करी अधिकाऱ्याने मोजली. १८३० साली त्याच्याकडे वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम आले. तो काही महिने रणभूमीवरच्या एका शेतवाडीत राहिला, जमीन मोजली, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोण कुठे होते ते विचारले. १८३८ साली लंडनमध्ये त्याची प्रतिकृती लोकांसमोर आली. तीत पंचाहत्तर हजारांच्या आसपास पुतळे होते. परंतु संध्याकाळी प्रशियाची फौज रणांगणात किती आत आली होती, यावरून वाद झाला. सिबॉर्नने दाखवलेल्या प्रशियनांमुळे विजयाचे श्रेय वाटले जात होते, आणि वेलिंग्टनच्या गोटाला ते रुचणारे नव्हते. शेवटी सिबॉर्नने हजारो प्रशियन पुतळे उचलून टाकले. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. चिमुकले पुतळे हा पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता योगायोग पाहा. वॉटर्लूचा हा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजेच असईचा आर्थर वेलस्ली. आयुष्यातली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले होते.

माझी पहिली चूक

दादा परत जाताना दोन खोकी ठेवून गेला. एकात तोफ आणि तिचे गोलंदाज, दुसऱ्यात पायदळ. सगळे वॉटर्लूच्या काळातले इंग्रज. शिंद्यांचे सैनिक त्या मापात प्लास्टिकमध्ये त्याला मिळाले नव्हते. ते मला घडवायचे होते.

मी उत्साहाने दोन पुतळ्यांचे मावळे केले: पागोटे, ढाल, तलवार, अंगरखा. सरांना नेऊन दाखवले. सरांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "काम सुबक आहे. पण हे दीडशे वर्षे उशिरा असईला पोचलेले दिसतात."

सरांचे खरे होते. मी इतिहासातून नव्हे, दिवाळीच्या किल्ल्यावरून माणसे उचलली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज उभी होती. तीत घोडदळ प्रचंड होते, पण कणा होता तो कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बॉइन या सावॉयच्या माणसाला चाकरीस ठेवले आणि त्याच्याकडून बंदूक-संगीन घेऊन रांगेने लढणाऱ्या पलटणी उभारल्या. आग्र्याला तोफांचा कारखाना निघाला. असईला या पायदळाचे नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमनकडे होते. वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर आला, तेव्हा पोलमनने सगळी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. कच्च्या शिकवणुकीच्या फौजेला हे साधत नाही. शंभराच्या आसपास तोफा त्या दिवशी इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि त्यांच्या उत्तम घडणीची नोंद खुद्द वेलस्लीने केली आहे.

आणि समोरची बाजू? तीही सगळी गोरी नव्हती. दोन हायलँडर पलटणी सोडल्या तर वेलस्लीच्या पायदळाचा मोठा भाग मद्रासी पलटणींच्या शिपायांचा होता. त्याच्या फौजेचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता असा हिशेब लिहिलेला आहे. शिंदे-भोसल्यांच्या बाजूचे आकडे मात्र अंदाजानेच सांगितले जातात.

वाचताना एका प्रसंगापाशी मी थांबलो. वेलस्लीचे पायदळ तोफांच्या रांगेवर तुटून पडले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. अनेक जण तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. पायदळ पुढे निघून गेले. तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्या रांगेच्या पाठीत मारा सुरू केला. वेलस्लीला फौज मागे वळवून तीच रांग दुसऱ्यांदा घ्यावी लागली.

माझा क्षण मला सापडला होता: मेलेल्यांमधून उठणारा एक गोलंदाज.

माझ्या वर्गमित्राने विचारले, "हरलेली लढाई कशाला करतोस? पालखेड कर की!" प्रश्न बिनतोड होता. त्याला उत्तर द्यायला मला पुढचे चार महिने लागले.

कापणे आणि जोडणे

आता कृतीकडे वळतो. हौस असलेल्या मित्रांना उपयोग व्हावा म्हणून माझ्या चुकांसकट सांगतो.

देखाव्यात सहा माणसे ठरवली. तोफेपाशी दोन मृत गोलंदाज, एक पडलेला मद्रासी शिपाई, उठणारा गोलंदाज, आणि फळीच्या दूरच्या कडेला पाठमोरे चालत जाणारे दोन मद्रासी शिपाई. पाठमोऱ्यांमुळे वेळ कळते: हल्ला येऊन गेला आहे, आणि जाणाऱ्यांना मागचे माहीत नाही.

खोक्यातले सगळे गोलंदाज उभे होते. मला तिघे आडवे हवे होते. पहिल्या पुतळ्याच्या मांडीच्या मध्यावरच मी कटर चालवला आणि पाय वाकवला. तो मेलेला दिसेना. पाय मोडून दवाखान्यात आणलेला दिसू लागला. तेव्हा नियम कळला: माणूस जिथे सांध्यात वाकतो तिथेच प्लास्टिक कापायचे, म्हणजे कंबर, गुडघा, खांदा, कोपर. गुडघ्याच्या मागून पाचरीसारखा तुकडा काढायचा, पाय दुमडायचा, दोन्ही बाजूंना हाताच्या बारीक ड्रिलने भोके पाडून पितळी तारेची खुंटी घालायची आणि फेविक्विकचा थेंब सोडायचा. तार नसेल तर सांधा पुढेमागे सुटतोच. कापण्याआधी मांडी, पोटरी, दंड यांची लांबी कागदावर मांडून ठेवावी. नाहीतर वाकवताना एक पाय आखूड होतो.

फटी भरायला आणि नवे कपडे घडवायला दोन भाग मळून एक होणारा लगदा लागतो. विलायतेत यासाठी हिरव्या रंगाचा खास लगदा मिळतो. मी नळाच्या गळतीला लावतात ते एम-सील वापरले. ते लवकर घट्ट होते, म्हणून वाटाण्याएवढेच मळावे. बोटे आणि हत्यार ओले ठेवावे, म्हणजे चिकटत नाही. हत्यार म्हणजे दातकोरणे आणि पेन्सिलीच्या टोकात खोचलेली शिवणाची सुई.

इंग्रजी उंच टोपी कपाळावरून कापून टाकली आणि तिथे लगद्याची दोरी गुंडाळून पागोटे केले. पहिले पागोटे जिलबीसारखे झाले. दुसरे चकलीसारखे. मग लक्षात आले की पागोट्याचे पेच एकमेकांना समांतर नसतात. ते एकमेकांवरून तिरपे जातात. ओल्या लगद्यावर सुईने तिरप्या रेघा ओढल्या तेव्हा कुठे कापड दिसू लागले. कोटाच्या शेपट्या तासल्या, खांद्यावरच्या झालरी कानशीने घासल्या, कंबरेला लगद्याची पट्टी गुंडाळून शेला केला. मद्रासी शिपायांची लांब विजार गुडघ्याच्या वर कापल्यासारखी दिसावी म्हणून खालचा पाय खरवडून पोटरीचा आकार दिला.

सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच होता. मेलेला आणि मेल्याचे सोंग घेतलेला, यांतला फरक अठ्ठावीस मिलिमीटरमध्ये दाखवायचा कसा? चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यावर भाव येत नाहीत. बरेच दिवस अडलो. शेवटी दुपारी ओसरीवर झोपलेल्या माणसांकडे पाहून उत्तर मिळाले. गाढ झोपलेला माणूस जमिनीच्या स्वाधीन असतो: हाताचा तळवा जसा पडला तसा पडतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलते, मान उताराकडे जाते. जागा माणूस, कितीही निपचित पडला तरी, जमिनीवर जोर देत असतो. म्हणून मृतांचे अवयव मी जमिनीच्या उताराला धरून बसवले. उठणाऱ्याचे एक कोपर जमिनीत रुतवले, मान उताराच्या उलट उचलली आणि एका पायाची बोटे मातीत रोवली. त्याच्या दुसऱ्या हातात जळता तोडा दिला. तोडा म्हणजे तोफेला बत्ती देण्यासाठी धुमसत ठेवलेली दोरी. मेलेल्याच्या हातातला तोडा विझून जाईल. याचा विझलेला नाही.

रंग

रंग देण्याआधी पुतळा साबणाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर ओतकामाच्या वेळचे तेल रंगाला धरू देत नाही. मग अस्तराचा हात. मोटारीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा फवाऱ्याचा करडा प्रायमर पुरतो. मात्र लांबून आणि हलका मारावा. जाड बसला की बटणे बुजतात.

आता एक शंका कोणालाही येईल: पुतळ्याला घड्या आहेत, त्यांत सावली आपोआप पडेल, मग ती रंगवायची कशाला? याचे कारण प्रकाश. खऱ्या कोटाची घडी बोटभर खोल असते, तीत उजेड पोचत नाही. पुतळ्यावरची घडी अर्धा मिलिमीटरही खोल नसते. खोलीतला उजेड चहूकडून येऊन ती भरून टाकतो, आणि पुतळा सपाट दिसतो. म्हणून सावली आणि उजळ कडा या दोन्ही रंगाने द्याव्या लागतात. रीत अशी: आधी मूळ रंग सपाट द्यायचा. मग काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सोडायचा. तो आपण होऊन घड्यांत उतरतो. वाळल्यावर कुंचल्यावरचा रंग कागदावर जवळजवळ पुसून, कोरडा कुंचला उंच कडांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात.

दुसरी गोष्ट अंतराची. हा पुतळा आपण दोन फुटांवरून पाहतो. तो माणसाचा साठावा भाग, म्हणजे खरा माणूस एकशे वीस फुटांवरून पाहण्यासारखेच हे आहे. तेवढ्या अंतरावर गडद लाल किंवा गडद निळा रंग थोडा फिका दिसतो. म्हणून बाटलीतला रंग जसाच्या तसा लावू नये, किंचित उजळ करून लावावा. काळा तर शुद्ध काळा कधीच वापरू नये.

कातडीच्या रंगावर मी पुन्हा अडखळलो. खोक्याबरोबरच्या कागदावर दिलेला कातडीचा रंग हायलँडरचा होता. मी बर्न्ट सिएना आणि पिवळा ओखर मिसळून आपला गव्हाळ-सावळा रंग केला आणि उजळ भागासाठी त्यात पांढरा घातला. चेहरा एकदम राखेसारखा झाला. सावळ्या कातडीला उजळ करायचे तर पांढरा नव्हे, ओखर आणि थोडा तांबडा वाढवावा लागतो. मग त्वचेत ऊब येते. पण फुकट गेलेले ते राखी मिश्रण मी टाकून दिले नाही. तिन्ही मृतांना तेच वापरले. शिंद्यांचे दोन गोलंदाज आणि कंपनीचा एक मद्रासी शिपाई, तिघांना एकाच वाटीतला रंग लागला. हे मी मुद्दाम केले नव्हते. कुंचला धुताना लक्षात आले, आणि काही वेळ तसाच बसून राहिलो.

सगळ्यात शेवटी तोड्याच्या टोकाला नारिंगी ठिपका, त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा पिवळा, आणि जवळच्या दोन बोटांवर नारिंगीची पुसट झाक.

जमीन

विलायती पुस्तकांतल्या छायाचित्रांत हिंदुस्थानातली लढाई म्हटली की पुतळ्यांखाली पिवळी वाळू हमखास दिसते. मी मात्र भाद्रपदात एस. टी. ने जाऊन असई पाहून आलो. केळणा नदीचा काठ, काळी चिकण जमीन आणि सगळीकडे हिरवे. चपलेला मणभर चिखल लागला. २३ सप्टेंबर म्हणजे आपल्याकडचा पावसाळ्याचा शेवट; वाळवंट आणायचे कुठून? मी प्लास्टिकच्या पिशवीत थोडी माती भरून आणली.

ती माती वाळवली, कुटली, वस्त्रगाळ केली आणि फेविकॉलमध्ये कालवून फळीवर थापली. दुसऱ्या दिवशी सगळ्या जमिनीला भेगा! काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, हे शेतकऱ्याच्या पोराला तरी सांगावे लागू नये. पण मी विसरलो होतो. अशा भेगा उन्हाळ्यात शोभल्या असत्या, सप्टेंबरात नव्हे. सगळे खरवडून काढले. दुसऱ्यांदा खाली बारीक वाळू आणि फेविकॉलचा थर वाळू दिला, आणि वर असईची माती चिमटीने नुसती भुरभुरली. वाळलेली माती करडी दिसते; तिला ओली करण्यासाठी काळपट तपकिरी पातळ रंग आणि चाकोरीत चकचकीत व्हार्निशचे दोन थेंब दिले. गवतासाठी जुन्या ब्रशाचे केस आणि हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा वापरला. धुरासाठी कापूस लावून पाहिला. तो गणपतीच्या देखाव्यातल्या हिमालयासारखा दिसला, म्हणून काढून टाकला.

शेवट

यंदाच्या स्नेहसंमेलनात कलादालनात हा देखावा ठेवला होता. पुष्कळांनी वाकून पाहिले, बारीक कामाचे कौतुक केले, आणि बहुतेकांनी विचारले, "यातले जिंकले कोण?" मी खरे ते सांगत होतो. काहींची निराशा स्पष्ट दिसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. ग्रंथालयातले मामा कुलपे घेऊन आले आणि देखाव्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काय हो, हा एक मेलेला नाही ना? उठतोय."

"हो मामा. मेल्याचं सोंग घेतलं होतं त्यानं."

"आणि ते पुढे चाललेत त्यांना ठाऊक नाही." मामा थोडे थांबले. "उठून तरी काय करणार? एकटाच आहे की."

"तोफ फिरवणार."

"हां," मामा म्हणाले, आणि पडलेल्या मद्रासी शिपायाकडे बोट करून, "ह्याच्याही घरी कुणी वाट बघत असंल," एवढे बोलून खिडक्या लावायला गेले.

माझ्या वर्गमित्राला द्यायचे उत्तर मला तेव्हा मिळाले. जिंकलेली लढाई दाखवायला पुतळे लागत नाहीत. तिचे पोवाडे असतात, चौकात स्मारके असतात. हरलेल्या लढाईतला तोफेपाशी राहिलेला माणूस मात्र कुठेच नसतो. ना नावानिशी कागदावर, ना दगडावर. त्याला कुठेतरी जागा द्यायची तर ती निदान अठ्ठावीस मिलिमीटरची का होईना, द्यावी.

दादा पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. आम्ही पुन्हा सतरंजी अंथरू, फासे टाकू, आणि पडलेले पुतळे डब्यात ठेवू. खेळ तो खेळ. फळीवरचे सहा जण मात्र माझ्या टेबलावर आहेत तिथेच राहतील. आजीने ते पाहिले आहेत. ती काही म्हणाली नाही. पण रोज सकाळी फडके मारताना त्या फळीभोवतीची धूळ ती फार जपून पुसते.